जाड, गोलसर, तिरका फाँट: मथळा दर वेळी का बिघडतो आणि तो कसा सावरायचा

मथळा उभा असतो तोवर छान दिसतो. जाड, गुबगुबीत, टोकं गोल. मग कुणीतरी म्हणतं, "यात जरा वेग आणा," आणि आपण इटॅलिकचं बटण दाबतो. तिथून घसरण सुरू होते. काही अक्षरं एका बाजूनं सुजल्यासारखी दिसतात, 'श'चं पोट भरून येतं, अनुस्वार आपल्या अक्षरावरून सरकतो, शेवटच्या अक्षराचा वरचा कोपरा कापला जातो. फाँट वाईट आहे असं ठरवून आपण दुसरा लावतो. त्यातही तेच, तिसऱ्यातही तेच.

या तक्रारी मी इतक्यांदा निस्तरल्या आहेत की आता फाइल उघडायच्या आधीच एक प्रश्न विचारतो: हा फाँट तिरका काढलेला आहे की तिरका केलेला? दहातल्या आठ-नऊ वेळा उत्तर 'केलेला' असं येतं, आणि अर्धं निदान तिथंच होतं.

खरं इटॅलिक आहे का, ते आधी बघा

इटॅलिकचं बटण दाबल्यावर सॉफ्टवेअर त्या फाँटची इटॅलिक फाइल शोधतं. सापडली तर ती वापरतं. नाही सापडली, तर बरीच सॉफ्टवेअरं गप्प बसत नाहीत; उभी अक्षरं स्वतःच ढकलून तिरकी करतात आणि तसं सांगतही नाहीत. लेखनाची आणि सादरीकरणाची नेहमीची सॉफ्टवेअरं असंच करतात, ब्राउझरही करतात. फोटोशॉप निदान प्रामाणिक आहे, तिथल्या बटणाचं नावच 'फॉ इटॅलिक', म्हणजे नकली इटॅलिक. इनडिझाइन असं खोटं इटॅलिक बनवत नाही. तिथं फाइल नसेल तर पर्यायच मिळत नाही. पण कॅरेक्टर पॅनेलमध्ये स्क्यूचा, म्हणजे अक्षर ढकलून तिरकं करण्याचा, आकडा असतो आणि लोक तो भरतातच.

देवनागरीत हा प्रश्न जास्त तीव्र आहे, कारण जाड गोलसर देवनागरी फाँट बरेच असले तरी त्यांचं रेखाटलेलं इटॅलिक क्वचितच असतं. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींच्या 'बालू'चंच घ्या. मोकळा, गोल, मथळ्यासाठीच बनलेला. 'बालू 2'मध्ये 400 ते 800 अशी पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत, इटॅलिक एकही नाही. म्हणजे 'बालू' तिरका दिसत असेल तर तो कुणीतरी ढकललेला आहे, एवढं नक्की.

ओळखायच्या दोन सोप्या खुणा. पीडीएफ काढा आणि डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमधली फाँटची यादी बघा. पानावर तिरकी अक्षरं आहेत, पण यादीत इटॅलिक किंवा ऑब्लिक (तिरका) नावाचा फाँट नाही, तर ते नकली. दुसरी खूण डोळ्यांची आहे. अक्षर खूप मोठं करून कान्याचं खालचं टोक बघा. टोक गोलच राहिलं असेल तर कुणीतरी ते विचारपूर्वक काढलंय. एका बाजूला उतरतं, वापरलेल्या लिपस्टिकसारखं दिसत असेल, तर ते ढकललेलं आहे.

ढकलल्यावर नेमकं काय होतं

इथे थोडं भूमितीत शिरावं लागेल, कारण 'विचित्र दिसतंय' एवढ्यावर दुरुस्ती करता येत नाही.

तिरकं करणं म्हणजे प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवणं. 14 अंशांच्या कलात, आणि ब्राउझरचा नकली कल साधारण एवढाच असतो, हे प्रमाण जवळपास पाव पडतं: 100 एकक उंचीवरचा बिंदू 25 एकक उजवीकडे. आडव्या रेषांच्या जाडीला काही होत नाही. उभ्या रेषा सुमारे 3 टक्के बारीक होतात, हे डोळ्याला कळतही नाही. खरा घोळ वळणांत होतो. सगळीकडे सारख्या जाडीचं एक कडं घ्या आणि ते 14 अंश ढकला. वर उजवीकडे आणि खाली डावीकडे ते सुमारे 13 टक्के जाड होतं, तर वर डावीकडे आणि खाली उजवीकडे सुमारे 12 टक्के बारीक. एकाच कड्यात जाडीचा फरक जवळजवळ पावपट झाला. सडपातळ फाँटमध्ये हा फरक खपून जातो. जाड फाँटमध्ये रेघच एवढी रुंद असते की ते 13 टक्के सूज म्हणून डोळ्यांत येतात. शिवाय गोलसर फाँटचं सगळं सौंदर्य रेघेच्या एकसारख्या जाडीत असतं, नेमकं तेच जातं.

आता देवनागरीची खास अडचण. रोमन लिपी टाकानं लिहिताना 'ओ' अक्षर वर उजवीकडे आणि खाली डावीकडे जाड होतं. म्हणजे ढकलल्यामुळे येणारी सूज टाकाच्या सवयीच्याच जागी पडते आणि रोमन वाचणारा डोळा ती बऱ्यापैकी माफ करतो. देवनागरीच्या बोरूचा काप उलटा असतो. आपली वळणं वर डावीकडे आणि खाली उजवीकडे भरतात आणि समोरच्या बाजूला निमुळती होतात. म्हणजे ढकललेल्या देवनागरीत जिथं बारीक हवं तिथं जाड होतं आणि जिथं भरीव हवं तिथून मांस निघून जातं. सारख्या जाडीच्या गोल फाँटमध्ये बोरूचा चढउतार मुळात नसतो, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यातली सवय जात नाही. 'व', 'ब', 'क' यांचं पोट डाव्या खालच्या अंगाला लोंबल्यासारखं वाटतं ते यामुळे. हे कारण कळेपर्यंत मी कित्येक मथळे 'काहीतरी चुकतंय' म्हणत नुसते लहानमोठे करत बसलो होतो.

खरं इटॅलिक काढणारा ही जाडी प्रत्येक वळणात हातानं परत जागेवर आणतो आणि टोकं पुन्हा गोल करतो. 1922 साली आलेला कूपर ब्लॅक आठवा. जाड, मऊ कडांच्या मथळ्याच्या फाँटांचा आजोबाच म्हणा. ऑझवल्ड कूपर यांनी त्याचं इटॅलिक केलं ते वेगळं रेखाटून. म्हणून ते कललं तरी सुजत नाही, शंभर वर्षांनीही.

दुरुस्ती: हाडं तिरकी करा, मांस नंतर चढवा

शब्द एक-दोनच असतील, म्हणजे लोगो, मुखपृष्ठाचा मथळा, जर्सीवरचं नाव, तर मी फाँटच्या भरीव अक्षरांना हातच लावत नाही. अक्षर खाली फिकट ठेवतो आणि पेन टूलनं त्याच्या रेघांच्या मधोमध एक बारीक सांगाडा काढतो. 'क'साठी एक दांडा, एक पोट, एक उजवीकडची वेलबुट्टी, बस. मग हा सांगाडा तिरका करतो आणि त्याला हवी तेवढी जाड रेघ देतो, टोकं राउंड कॅप, कोपरे राउंड जॉइन. जाडी तिरकं केल्यानंतर चढल्यामुळे सगळीकडे सारखी राहते आणि टोकं आपोआप पूर्ण गोल येतात. सूज नाही, लिपस्टिक नाही. शेवटी रेघेचं आउटलाइनमध्ये, म्हणजे भरीव आकारात, रूपांतर करून तुकडे जोडून घ्यायचे.

एक जागा जपा: काही सॉफ्टवेअरांत आकार तिरका करताना रेघेची जाडीही त्याबरोबर कलते आणि सगळी मेहनत वाया जाते. तिरकं करून झाल्यावर एखाद्या वळणाची वर उजवीकडची आणि वर डावीकडची जाडी मोजून बघा. सारखी नसेल तर तिरका झालेला सांगाडा नव्यानं ट्रेस करा आणि मग जाडी द्या.

रेघा जिथं मिळतात तिथे, 'म'च्या गाठीत, 'ध'च्या वळणात, सारख्या जाडीमुळे काळा गोळा होतो. तिथं रेघ थोडी चिमटा, आतून. बाहेरची कड हलवायची नाही, नाहीतर अक्षर खंगल्यासारखं दिसतं.

एवढा वेळ नसेल, आणि बहुतेकदा नसतोच, तर दोन तडजोडी आहेत. पहिली: कल कमी करा. 8 अंशांवर तीच सूज 7 टक्क्यांच्या आसपास येते आणि वेगाचा भास मात्र बऱ्यापैकी टिकतो. देवनागरीत मी 8च्या पुढे सहसा जात नाही. दुसरी तडजोड मला पहिलीपेक्षा जास्त आवडते. अक्षर तिरकं करूच नका. अख्खा शब्द चार-पाच अंश फिरवून चढता बसवा. फिरवल्यानं कुठल्याही रेघेची जाडी बदलत नाही. शिरोरेषा वर चढत गेली की उत्साह तिथंच दिसतो, त्याला कलाची गरज पडत नाही. गोल जाड अक्षरांना हे चढणं फार शोभतं. मागणी करणाऱ्याला 'इटॅलिक'च हवं असतं असं नाही, त्याला हालचाल हवी असते. त्याच्याकडे त्यासाठी तेवढाच शब्द असतो, एवढंच.

शिरोरेषेचे मणी, फटी आणि आतल्या रेघा

गोल टोकांचा फाँट म्हटलं की हौशी माणूस प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचीही दोन्ही टोकं गोल करतो. अक्षरं शेजारी बसली की जोडाजवळ खाचा दिसतात, शिरोरेषा मण्यांच्या माळेसारखी होते. नीट बनवलेल्या फाँटमध्ये अक्षराची शिरोरेषा सपाट कापलेली असते आणि शेजारच्या अक्षरात किंचित घुसते; गोलाई फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी दिली जाते. लोगोसाठी स्वतः काढत असाल तर याहून सोपं आहे. सगळ्या शिरोरेषा खोडा आणि पूर्ण शब्दावर एकच लांब गोल टोकांची रेघ ओढा.

फट पडत असेल तर आधी ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, बघा. रोमन मथळा मोकळा करायची सवय देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते. ट्रॅकिंग शून्यावर आणा. मोकळेपणा हवाच असेल तर शब्द आउटलाइन करून अक्षरं हातानं लांब करा आणि शिरोरेषा पुन्हा जोडा.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त येते: अक्षरांना बाहेरून पांढरी किंवा रंगीत कड दिली की प्रत्येक जोडावर आत उभ्या-तिरक्या रेघा दिसतात. कारण वर आलंच आहे, अक्षरं एकमेकांत घुसलेली असतात आणि कड प्रत्येक अक्षराला वेगळी लागते. इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनेलमध्ये स्ट्रोक (कड) भरणीच्या, म्हणजे आतल्या रंगाच्या, खाली ओढा. अर्धी कड भरणीखाली झाकली जाते, म्हणून जाडी दुप्पट द्या. कोपरे राउंड जॉइनवर ठेवा, नाहीतर गोल अक्षरांना बाहेरून काटे फुटतात. वेबवर हेच काम सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) पेंट-ऑर्डर या गुणधर्मात स्ट्रोक आधी लिहिल्यानं होतं. व्हिनाइल कटिंगला किंवा लेझरला फाइल जाणार असेल तर यातलं काहीच चालणार नाही. यंत्र ती प्रत्येक लपलेली रेघ इमानेइतबारे कापतं. तिथं आउटलाइन करून सगळे आकार एकत्र जोडणं, म्हणजे युनाइट, हाच मार्ग.

अक्षरं तुटून 'ि' अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडत असेल, जोडाक्षरं पाय मोडल्यासारखी दिसत असतील, तर कलाचा काही संबंध नाही. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरात वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे भारतीय लिप्या नीट मांडणारी सोय, चालू करा. झालं.

अनुस्वार आणि रफार का घसरतात

मात्रा, अनुस्वार, रफार ही चिन्हं फाँटमध्ये बहुधा वेगळी असतात आणि अक्षरावरच्या ठरलेल्या बिंदूला टांगली जातात. नकली कलात सॉफ्टवेअर प्रत्येक आकार स्वतःपुरता ढकलतं. एखादा अनुस्वार मूळ जागेवरून 120 एकक वर उचलून बसवला असेल, तर 14 अंशांच्या कलात तो 30 एकक उजवीकडेही जायला हवा. मांडणी करणाऱ्या भागाला कल माहीतच नसेल तर तो फक्त वर जातो, उजवीकडे नाही. म्हणून तो डावीकडे मागे राहिल्यासारखा दिसतो. 'र्की', 'र्थी' अशा ठिकाणी, जिथं रफार आणि वेलांटी एकमेकांना खेटतात, हे आधी दिसतं. उपाय: उभा मथळा आधी आउटलाइन करा, सगळं एकत्र ग्रुप करा, मग अख्खा ग्रुप तिरका करा. चिन्हं अक्षराबरोबरच जातात.

वेबवरची दोन भुतं

पहिलं भूत: दुहेरी कल. फाँटची खरी इटॅलिक फाइल आहे, पण सीएसएसमध्ये फाँट-फेस (ब्राउझरला फाँटची फाइल सांगणारा नियम) लिहिताना तिची फाँट-स्टाइल 'नॉर्मल' राहून गेली. मग मजकुरात इटॅलिक मागितलं की ब्राउझरला वाटतं की ही उभी फाइल आहे, आणि तो तिला आणखी 14 अंश ढकलतो. मूळ कल 12चा असेल तर मिळून कल 25 अंशांच्या घरात जातो आणि मथळा पडायला टेकलेल्या भिंतीसारखा दिसतो. फाँट-फेसमध्ये स्टाइल 'इटॅलिक' लिहा, भूत पळतं.

दुसरं भूत: दुहेरी जाडी. मथळ्याचे फाँट बऱ्याचदा एकाच वजनात येतात, दिसायला अतिजाड, पण फाँट-फेसमध्ये वजन लिहिलेलं असतं 400, किंवा काहीच लिहिलेलं नसतं. पानावरचा एच-वन, म्हणजे मुख्य मथळ्याचा टॅग, मुळातच बोल्ड मागतो. ब्राउझरला बोल्ड सापडत नाही, म्हणून तो आधीच जाड असलेल्या अक्षरावर आणखी एक थर चढवतो. 'श', 'छ', 'क्ष', 'ळ' यांची पोटं बुजतात ती इथे. लोक फाँटला दोष देत राहतात. एच-वनचं वजन 'नॉर्मल' करा, किंवा फाँट-फेसमध्ये खरं वजन लिहा.

दोन्हींवर कायमचा बंदोबस्त हवा असेल तर फाँट-सिंथेसिस 'नन' करून टाका. नकली काहीही बनवायला ब्राउझरला मनाई होते. मग इटॅलिक नसेल तर अक्षर उभंच राहील, आणि ते नकली तिरक्यापेक्षा शंभर वेळा चांगलं. फोटोशॉपचाही असाच एक बाणा आहे: फॉ (नकली) बोल्ड लावलेला मजकूर वार्प करायला, म्हणजे वाकवायला, गेलं की ते सरळ नकार देतं. तो एरर दिसला की मला बरं वाटतं.

व्हेरिएबल फाँटमध्ये (ज्यात जाडी, कल असे गुण आकड्यानं बदलता येतात) स्लांटचा, म्हणजे कलाचा, अक्ष असेल तर उजवीकडच्या कलासाठी आकडा उणे द्यावा लागतो. अधिक 10 देऊन 'काहीच होत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात. उणे 10 द्या.

शेवटचं अक्षर कापलं जातं

तिरक्या अक्षराचं डोकं त्याच्या स्वतःच्या चौकटीबाहेर जातं. 100 पिक्सेल उंचीच्या अक्षराचं टोक 14 अंशांत 25 पिक्सेल पुढे जातं, पण सॉफ्टवेअर चौकट मोजतं ती उभ्या अक्षराच्या रुंदीनं. वेबवर ओव्हरफ्लो लपवलेला असेल, किंवा अक्षरांत ग्रेडियंट भरायला पार्श्वभूमी अक्षरांपुरती कापली असेल, तर तो पुढचा भाग दिसतच नाही. उजवीकडे पाव एमचं (एम म्हणजे फाँटच्या आकाराएवढं माप) पॅडिंग द्या. व्हिडिओच्या शीर्षकात हेच मजकुराच्या शेवटी एक स्पेस टाकून निभावतं. अडाणी उपाय, पण चालतो. तिरक्या शब्दानंतर लगेच उभा कंस किंवा अवतरणचिन्ह आलं की टक्कर होते, तिथंही थोडी जागा सोडा. वरची वेलांटी किंवा रफार कापला जात असेल तर ओळीची उंची 1 वरून 1.4च्या आसपास न्या.

डाव्या समासाशी लावलेला तिरका मथळा आत सरकलेला वाटतो, कारण शिरोरेषा उजवीकडे गेलेली असते आणि देवनागरीत डोळा समास शोधतो तो शिरोरेषेच्या टोकाशी. खालच्या पायाशी जुळवू नका. शिरोरेषेचं डावं टोक समासाला लावा, पाय थोडे बाहेर गेले तर जाऊ द्या.

कुठे वापरायचा, कुठे नाही

गोलाई मऊ बोलते, जाडी मोठ्यानं बोलते, कल घाईनं बोलतो. तिन्ही एकत्र आले की खेळ, खाऊ, लहान मुलांचे कार्यक्रम, सेल, गेमचं नाव, इथे मजा येते. दोन-तीन शब्द, त्यांच्याभोवती भरपूर मोकळी जागा आणि खालचा मजकूर साध्या उभ्या फाँटमध्ये. आख्खं वाक्य असलं तर नको. 24 पॉइंटच्या खाली मी तो वापरत नाही, जोडाक्षरं असली तर 36च्याही खाली नाही. 'क्ष' आणि 'श्र' असलेला मथळा आधी प्रत्यक्ष आकारात छापून हातभर लांब धरून बघतो. पोटातली मोकळी जागा तेवढ्या अंतरावरून दिसली पाहिजे. स्क्रीनवर 400 टक्के झूममध्ये सगळंच दिसतं.

रोमन आणि देवनागरी एकाच मथळ्यात असतील तर बहुधा रोमनचं खरं इटॅलिक मिळतं आणि देवनागरी नकली कलते, तीही वेगळ्या कोनात. दोन्ही उभे ठेवा, किंवा रोमनच्या इटॅलिकचा कोन मोजून देवनागरीचा सांगाडा तेवढाच कलवा. रोमनचा कोन 10-12 अंश निघाला आणि देवनागरीला तो जड जात असेल, तर मी रोमनच उभं करतो.

फाइल पाठवताना दोन प्रती ठेवा: एक टाइप जिवंत असलेली, एक आउटलाइन करून युनाइट केलेली. छपाईला दुसरी पाठवा. मथळ्यात एक अनुस्वार राहून गेल्याचं नेमकं फाइल गेल्यावरच लक्षात येतं, तेव्हा पहिली उघडायला लागते.